अ‍ॅडॉल्फ केतले आणि त्याचा सरासरी माणूस

मागच्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. माझ्या आजीला न्यूमोनिया झाला. दोन दिवस घरचे काढे झाले, तिसऱ्या दिवशी धाप इतकी वाढली की तिला गावातल्या एका इस्पितळात न्यावे लागले आणि त्याच रात्री अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवण्यात आले. मला पाच मिनिटे आत सोडले तेव्हा तिथल्या सिस्टर आजीच्या टाळूपासून टाचेपर्यंत टेप लावून माप घेत होत्या. शिंप्याच्या गळ्यात असते तसलीच ती टेप. माप घेऊन त्यांनी कागदावर उंचीपुढे १५० लिहिले, थोडा हिशोब केला आणि खालच्या रकान्यात वजन म्हणून ४३ लिहिले.

मी हबकलो. आजीचे वजन ६८ किलो. महिन्यापूर्वी मीच तिला काट्यावर उभे केले होते. औषधे वजनावर ठरतात एवढे मला ऐकून ठाऊक होते. तेव्हा ही चूक भलतीच महागात पडणार असे वाटून मी जरा चढ्या आवाजातच विचारले. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मला बाहेर आणून शांतपणे समजावले. हा आकडा आजीच्या काट्यावरच्या वजनाचा नव्हताच. तो तिच्या उंचीवरून काढलेला होता. माणूस अंगाने सुटला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. ती उंचीच्या मानाने असतात. यंत्राने एका श्वासाला किती हवा आत ढकलायची ते म्हणून ६८ किलोवर ठरवायचे नसते, ४३ किलोवर ठरवायचे असते.

आजी अकरा दिवसांनी घरी आली. माझ्या डोक्यातून मात्र तो ४३ चा आकडा जाईना. उंचीवरून वजन काढण्याची ही कल्पना मुळात कुणाची, म्हणून मी ग्रंथालयात बसून मागे मागे जाऊ लागलो, तर अखेर जो माणूस सापडला तो वैद्यच नव्हता. तो गणिताचा मास्तर आणि वेधशाळेचा संचालक होता. शिवाय तो आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना परका नव्हता. संख्याशास्त्राच्या इतिहासाच्या दोन पानांत त्याचे नाव येते आणि आम्ही ते ‘क्वेटलेट’ असे वाचून पुढे जातो. फ्रेंच लोक त्याचा उच्चार ‘केतले’ असा करतात. मीही यापुढे तसाच करीन.

केतलेचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजी गेंट या शहरी झाला. आज गेंट बेल्जियममध्ये आहे, परंतु त्या काळी बेल्जियम नावाचे राष्ट्रच नव्हते. तो जन्मला तेव्हा गेंटवर फ्रेंचांचा अंमल होता. १८१५ मध्ये ते नेदरलँड्सच्या राजाकडे गेले. १८३० च्या क्रांतीनंतर बेल्जियम झाले. सामान्य लोकांच्या घरात फ्लेमिश आणि विद्वानांच्या सभेत फ्रेंच, असा तिथला प्रकार. घर न बदलता राज्य बदलणे म्हणजे काय हे आपल्या भागात फोड करून सांगण्याची गरज नाही. माझ्या आजीनेही एकाच घरात राहून मुंबई, म्हैसूर आणि कर्नाटक ही तिन्ही नावे पाहिली आहेत.

वडील मोठे फिरस्ते होते. मूळचे फ्रान्सच्या पिकार्डी प्रांतातले. एका स्कॉटिश सरदाराचे चिटणीस म्हणून राहिले, त्याच्याबरोबर प्रवास केले आणि शेवटी गेंटच्या नगरपालिकेत नोकरीला लागले. केतले सात वर्षांचा असताना ते वारले. त्यामुळे सतराव्या वर्षीच त्याला जवळच्या एका गावी मास्तरकी धरावी लागली. एकोणिसाव्या वर्षी तो गेंटच्या महाविद्यालयात गणित शिकवू लागला. आमच्या वर्गातील बहुतेक मुले आज या वयाची आहेत, आणि गणित शिकवणे राहो, अंतर्गत परीक्षेत ते सोडवतानाही आमची कोण त्रेधा उडते!

गंमत अशी की त्याला गणितात तेव्हा विशेष गोडी नव्हती. त्याचा ओढा कलेकडे. तो चित्रे काढी, कविता करी आणि काही काळ एका चित्रकाराच्या कार्यशाळेतही शिकला होता. दांदलँ नावाच्या मित्राबरोबर त्याने एक संगीतिका लिहिली आणि ती १८१६ मध्ये गेंटच्या रंगभूमीवर झालीही. हा दांदलँ पुढे भूमितीत नाव कमावून गेला; शंकूच्या छेदात गोल बसवून सोडवलेला त्याचा प्रमेय गणिताच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. चित्रकलेचा उल्लेख मी मुद्दाम केला. माणसाच्या अंगाची प्रमाणे, डोक्याच्या मानाने धड केवढे आणि हाताच्या मानाने पाय केवढा, हा चित्रकारांचा आणि मूर्तिकारांचा जुना प्रश्न आहे, आणि केतलेच्या मनात तो जन्मभर राहिला.

१८१७ मध्ये गेंटला विद्यापीठ निघाले. तिथे गार्निए नावाचे गणिताचे प्राध्यापक आले आणि त्यांनी या तरुणाला कवितेकडून गणिताकडे वळवले. १८१९ मध्ये केतलेला डॉक्टरेट मिळाली. विज्ञान शाखेत त्या विद्यापीठाने दिलेली ती पहिलीच. लगेच ब्रुसेल्सला नेमणूक झाली आणि चोविसाव्या वर्षी तिथल्या विज्ञान परिषदेने त्याला सभासद करून घेतले.

ब्रुसेल्समध्ये वेधशाळा हवी असे त्याने सरकारच्या गळी उतरवले. खगोलाच्या यंत्रांचा त्याला स्वतःला अनुभव नव्हता. म्हणून सरकारने १८२३ च्या अखेरीस त्याला पॅरिसला धाडले. तिथे वेधशाळेत बुवार आणि आरागो यांच्याकडे तो यंत्रे हाताळायला शिकला. त्याच मुक्कामात लाप्लास आणि फूरिए या मंडळींच्या सहवासात त्याला संभाव्यतेच्या गणिताची ओळख झाली. माझ्या मते त्याच्या आयुष्याला खरे वळण इथे लागले.

खगोलशास्त्रज्ञांची एक नेहमीची अडचण असते. एकाच ताऱ्याचे स्थान दहा वेळा मोजले तर दहा आकडे थोडेथोडे वेगळे येतात. हात हलतो, हवा हलते, डोळा चुकतो. परंतु या चुकांनाही एक शिस्त असते. लहान चुका पुष्कळ, मोठ्या चुका थोड्या, आणि दोन्ही बाजूंना सारख्याच. आलेख काढला तर देवळातल्या घंटेचा आकार दिसतो. त्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढली की ताऱ्याचे खरे स्थान जवळजवळ हाती लागते. केतले परत आला तो ही घंटा डोक्यात घेऊन, आणि ताऱ्यांऐवजी माणसांना लावून पाहू लागला.

वेधशाळेचे मात्र रखडतच गेले. १८२८ मध्ये तो संचालक झाला, पण इमारत अर्धवट. १८३० मध्ये क्रांती झाली तेव्हा तो प्रवासात होता, आणि इकडे त्या अर्धवट इमारतीला लढाईच्या ठाण्याचे रूप आले. काम पुरे होईपर्यंत १८३२ उजाडले. दुर्बिणी बसेपर्यंत संचालकाने करायचे काय? त्याने माणसे मोजली. माणसाची वाढ, गुन्हेगारी आणि वजन या विषयांवरचे त्याचे पहिले महत्त्वाचे निबंध १८३१ आणि १८३२ सालचे आहेत, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्याआधी त्याने शिरगणतीच्या कामात हात घातला होता, आणि तिथे त्याला एक चपराक बसली होती. साऱ्या देशाची डोकी मोजण्याऐवजी काही निवडक भागांत जन्म आणि लोकसंख्या यांचे प्रमाण काढावे आणि ते सगळ्या देशाला लावावे, अशी त्याची लाप्लासच्या पद्धतीवर बेतलेली योजना होती. केव्हरबर्ग नावाच्या एका अनुभवी अधिकाऱ्याने तिला हरकत घेतली. गाव आणि शहर, सखल मुलूख आणि उंच मुलूख, सुपीक जमीन आणि खडकाळ जमीन यांत हे प्रमाण सारखे नसते. थोडे मोजून सगळ्यांचे सांगू नये, असा त्याचा मुद्दा. केतलेने तो मान्य केला आणि योजना सोडून दिली. नमुना निवडताना समूहाचे थर पाडावेत हे आज आम्ही पाठ करतो. केतलेला ते त्या काळी एका सरकारी अधिकाऱ्याने दाखवून दिले, आणि त्याने ऐकून घेतले. हे ऐकून घेणे पुढेही त्याला साधते तर बरे झाले असते. ते का, ते पुढे येईलच.

आता वजनाकडे वळू. वेगवेगळ्या वयांत माणसाचे वजन किती असते यावर केतलेने १८३२ मध्ये निबंध सादर केला. नवजात बालकांपासून म्हाताऱ्यांपर्यंत स्त्री-पुरुषांची वजने आणि उंच्या त्याने जमवल्या. पुष्कळांचे वजन कपड्यांनिशीच घ्यावे लागले. तेव्हा कपड्यांचे वजन किती धरायचे याचाही त्याने हिशोब बसवला: पुरुषांच्या बाबतीत एकूण वजनाचा अठरावा भाग आणि स्त्रियांच्या बाबतीत चोविसावा. जमाखर्च लिहिणाऱ्याला आवडावी अशीच ही चोख वजावट आहे.

या आकड्यांतून त्याला काय दिसले ते उदाहरणाने सांगतो. धान्य मोजायचा एक चौकोनी डबा घ्या. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट केली तर धान्य दुप्पट मावत नाही, आठपट मावते. माणूसही सर्व बाजूंनी सारखाच वाढत असता तर त्याचे वजन उंचीच्या घनाप्रमाणे वाढले असते. १५० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ५० किलो धरले, तर त्या हिशोबाने १६५ सेंटिमीटरच्या माणसाचे साडेसहासष्ट किलो भरायला हवे. केतलेच्या मोजमापात तसे दिसेना. वाढ पुरी झालेल्या माणसांमध्ये वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात जाते असे त्याला आढळले. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या दुसऱ्या माणसाचे साडेसाठ. उंच माणसे बुटक्या माणसांच्या मानाने सडसडीत असतात असा याचा अर्थ. वाढत्या वयातल्या मुलांचा नियम निराळा होता. तिथे वजनाचा वर्ग उंचीच्या पाचव्या घाताप्रमाणे जातो असे त्याने मांडले.

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे, हे आज दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यांत दिसणारे सूत्र याच निरीक्षणातून आलेले आहे. पण कोण लठ्ठ, कोण रोडका हे ठरवावे, किंवा समोरच्या एका माणसाला त्याचे योग्य वजन सांगावे, हा केतलेचा हेतूच नव्हता. माणसांचा मोठा समूह कसा वाढतो याचा नियम त्याला हवा होता.

१८३५ मध्ये त्याचा गाजलेला ग्रंथ पॅरिसला प्रसिद्ध झाला. माणूस आणि त्याच्या शक्तींचा विकास हा त्याचा विषय, आणि सामाजिक भौतिकशास्त्र हे त्याने या नव्या विद्येला दिलेले नाव. त्यातच त्याचा प्रसिद्ध ‘सरासरी माणूस’ अवतरला. सरासरी हा शब्द फारसीकडून आपल्याकडे आला आणि कन्नडमध्येही तो ‘सरासरी’ असाच आहे, तेव्हा या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना हा गृहस्थ एकाच नावाने ओळखता येईल. सरासरी उंचीचा, सरासरी वजनाचा, सरासरी वयाला लग्न करणारा, इतकेच नव्हे तर गुन्हा करण्याकडे सरासरी कल असणारा असा एक माणूस केतलेने कल्पिला. समाजात त्याचे स्थान वस्तूच्या गुरुत्वमध्यासारखे, सगळे ज्याच्याभोवती तोलले जाते त्या बिंदूचे, असे तो मानी.

पुढे ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे त्याच्या हाती आली. एका वैद्यकीय मासिकात ती १८१७ मध्ये छापली होती. त्यांचा आलेख काढला तर तीच घंटा, आणि तिचा मध्य ४० इंचांच्या अगदी जवळ! एकाच सैनिकाची छाती एखाद्या वेंधळ्या शिंप्याने इतक्या वेळा मोजली असती तर आकडे जसे पसरले असते, तसेच हे पसरलेले. केतलेचा आनंद गगनात मावेना.

आणि मग ती फ्रेंच रंगरुटांची गंमत. एक लाख तरुणांच्या उंच्या त्याने तपासल्या. तिथे सैन्यभरतीची सक्ती असे, मात्र १ मीटर ५७ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या तरुणाला सूट मिळे. केतलेची घंटा इथे एका जागी मोडली. त्या मर्यादेच्या खाली हिशोबाने यावेत त्यापेक्षा दोन हजारांहून अधिक तरुण जास्त निघाले आणि मर्यादेच्या जरा वर साधारण तितकेच कमी. गुडघे किंचित वाकवून, किंवा मापणाऱ्याला वश करून, इतक्या पोरांनी पलटण चुकवली होती! ब्रुसेल्समध्ये बसून, एकाही रंगरुटाचे तोंड न पाहता, निव्वळ आलेखावरून केतलेने ही लबाडी ओळखली. हिशेबतपासनीस होऊ पाहणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही गोष्ट चौकटीत लावून ठेवावी.

यापुढे मात्र त्याचे पाऊल घसरले असे मला वाटते. ताऱ्याच्या बाबतीत सरासरी हे सत्य असते आणि फरक ही चूक असते, कारण तारा खरोखरच एक असतो. माणसे एक नसतात. केतलेने तरीही तीच समजूत माणसांना लावली. निसर्गाला एक नमुन्याचा माणूस घडवायचा आहे आणि आपण सगळे थोडेफार चुकलेले नग आहोत, असा त्याचा सूर होऊ लागला. सरासरी हे वर्णन होते, ते हळूहळू आदर्श होऊ लागले. चित्रकाराच्या कार्यशाळेतला जुना विद्यार्थी इथे गणितज्ञावर मात करीत होता की काय कोण जाणे.

याला चोख उत्तर दिले ते कूर्नोने. द्व्याधिकाराच्या प्रकरणात आम्ही ज्याची आकृती काढतो तोच हा कूर्नो. १८४३ मध्ये त्याने दाखवून दिले की बऱ्याच काटकोन त्रिकोणांच्या बाजूंची सरासरी काढली तर येणारा त्रिकोण बहुधा काटकोन नसतो. त्याचप्रमाणे सर्व अवयव सरासरी मापाचे असलेला माणूस जगण्याजोगाही नसेल. मी वहीत पडताळून पाहिले. ३, ४, ५ आणि ५, १२, १३ हे दोन काटकोन त्रिकोण घ्या. बाजूंची सरासरी ४, ८, ९. चाराचा आणि आठाचा वर्ग मिळून ८०, नवाचा वर्ग ८१. एकाने हुकले! केतलेने या वेळी आपले मत सोडले नाही.

त्याच्या इतर कामांचा पसारा प्रचंड आहे. तो थोडक्यात सांगतो. १८३३ मध्ये इंग्लंडातल्या केंब्रिज येथे शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात माल्थस आणि बॅबेज यांच्यासह त्याने संख्याशास्त्राचा विभाग उघडायला लावला आणि पुढच्याच वर्षी लंडनला संख्याशास्त्रीय संस्था निघाली. १८४१ पासून तो बेल्जियमच्या संख्याशास्त्र आयोगाचा अध्यक्ष होता. तिथली १८४६ ची शिरगणती त्याच्या देखरेखीखाली झाली आणि इतर देशांनी ती नमुना म्हणून पुढे ठेवली. १८५३ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद ब्रुसेल्सला भरली तीही त्याच्याच खटपटीने. पुढे व्हिक्टोरिया राणीचा पती झालेला राजपुत्र आल्बर्ट हा त्याचा शिष्य होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्याला गुरुस्थानी मानीत. शिवाय उल्का, वाऱ्याचा दाब, झाडांना फुले कधी येतात, या सगळ्यांच्या नोंदी चालू होत्याच. ज्याची मोजदाद होऊ शकते ते मोजल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे.

१८५५ मध्ये त्याला मेंदूच्या विकाराचा झटका आला. तो वाचला, परंतु स्मरणशक्ती दगा देऊ लागली आणि लिहिण्यात चुका होऊ लागल्या. तीन वर्षांनी पत्नी वारली. वेधशाळेचे काम हळूहळू मुलगा एर्नेस्ट पाहू लागला. तरी म्हातारा थांबला नाही. जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती आणि माणसाच्या मापांवरचा मोठा ग्रंथ या दोन्ही गोष्टी त्याने या दुखण्यानंतर पुऱ्या केल्या. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी ब्रुसेल्स येथे त्याचे निधन झाले. अठ्ठ्याहत्तर पुरे व्हायला पाच दिवस उरले होते.

केतले गेला, पण त्याचा सरासरी माणूस मागे राहिला, आणि त्याला पहिली नोकरी दिली ती विमा कंपन्यांनी. विमेदार किती वर्षे जगणार यावर कंपनीचा नफा-तोटा ठरतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन कंपनीने आपल्या विमेदारांच्या उंची, वजन आणि मृत्यू यांच्या नोंदी चाळून १९४२-४३ मध्ये ‘आदर्श’ वजनांचे तक्ते काढले. १९५९ च्या तक्त्यात ‘आदर्श’ जाऊन ‘इष्ट’ हा शब्द आला. त्या तक्त्यात उंची बुटांसकट धरली होती, पुरुषांची टाच एक इंचाची आणि बायकांची दोन इंचांची. कपड्यांचा अठरावा भाग वजा करणाऱ्या केतलेला हे कितपत रुचले असते? एक मात्र खरे. ही वजने सरासरी नव्हती. ज्या वजनाचे लोक जास्त जगले ती होती. इथे आदर्श या शब्दाला निदान काही आधार होता.

१९७२ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतील सुमारे ७,४०० पुरुषांची मापे घेऊन वेगवेगळी सूत्रे ताडून पाहिली आणि केतलेच्या सूत्राला पसंती दिली. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव तेव्हाचे. स्त्रिया त्या पाहणीत नव्हत्या आणि त्या पाच देशांत भारत नव्हता.

आजीच्या कागदावरचे सूत्र मात्र याहून वेगळ्या वाटेने आले. १९७४ मध्ये, म्हणजे केतलेच्या मृत्यूला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, डेव्हाइन नावाच्या डॉक्टरने जेंटामायसिन या औषधाची मात्रा ठरवण्यासाठी एक आडाखा दिला. हे औषध चरबीत फारसे जात नाही, तेव्हा लठ्ठ रोग्याला काट्यावरच्या वजनाप्रमाणे दिले तर मूत्रपिंडांना आणि कानांना इजा होण्याचे भय. म्हणून पाच फूट उंचीच्या पुरुषाला ५० किलो, स्त्रीला साडेपंचेचाळीस, आणि पुढे दर इंचाला २.३ किलो. हे विचित्र अपूर्णांक पौंडांत मांडले की उलगडतात: ११० पौंड, १०० पौंड आणि इंचाला पाच पौंड. विम्याच्या तक्त्यांच्या काळात तोंडी चालणारा ठोकताळाच तो, किलोचा अंगरखा घातलेला. त्याच्यामागे कुणी माणसे मोजली नव्हती.

आणि तरीही आजीला तो उपयोगी पडला. २००० साली अमेरिकेत ८६१ रोग्यांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फुप्फुसे गंभीर जखमी झालेल्या, यंत्रावरच्या रोग्यांना उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला १२ मिलिलिटर हवा देण्याऐवजी ६ दिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. जास्त हवेने आजारी फुप्फुस ताणले जाते आणि फाटते. आजीला ४३ किलोच्या हिशोबाने एका श्वासाला सुमारे २६० मिलिलिटर हवा मिळाली. मी भांडून ६८ लिहायला लावले असते तर ती ४०८ झाली असती.

परीक्षा संपल्यावर एका दुपारी मी आजीची सगळी ‘योग्य’ वजने काढून पाहिली. इस्पितळाच्या सूत्राने ४३. उंचीच्या सेंटिमीटरांतून शंभर वजा करायचे, हा फ्रेंच शल्यवैद्य ब्रोका याच्या नावावर चालणारा ठोकताळा लावला तर ५०. केतलेच्या भागाकारात २२ हा मध्यम आकडा धरला तर साडेएकोणपन्नास. तिचा स्वतःचा भागाकार सव्वातीसच्या आसपास येतो. जागतिक तक्त्यात तीसपासून लठ्ठपणा धरतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ती रेघ पंचविसावर आणली. त्यामागे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यासारख्यांचे संशोधन आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी आपला दोघांचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही केतले-भागाकार २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. केव्हरबर्ग असता तर जमिनीचा पोत विचारला असता.

घरी सोडताना दिलेल्या कार्डावर आजीचे वजन ६३ लिहिले आहे. दुखण्याने पाच किलो उतरले. त्याच फाईलमध्ये आतल्या पानावर ४३ आहे. काकांना ते दिसले तेव्हा त्यांनी इस्पितळात जाऊन दुरुस्त करून आण म्हणून माझ्यामागे लकडा लावला, विम्याच्या दाव्याला अडचण नको म्हणून. मी त्यांना टेपपासून सगळे सांगायला बसलो. आजी शेजारीच होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि लग्नात आपले वजन तेवढेच असेल म्हणून सांगितले.